कुंकू कुठे कुठे लागलं?

"सिस्टर, नमस्कार. सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझं लेडीज पार्लर आहे. गेल्या दिवाळीत पुण्याला जाऊन तीन दिवसांचा टॅटूचा कोर्स केला, मशीन घेतलं, कान-नाक टोचायची गनही घेतली. आता पार्लरपेक्षा याचंच गिऱ्हाईक जास्त येतं. मागच्या आठवड्यात अकरावीतल्या एका मुलीचा कान वरच्या बाजूला टोचला. चार दिवसांनी तिची आई दुकानात येऊन सगळ्यांसमोर बोलली. कान सुजलाय, ठणकतोय, पोरगी झोपत नाही म्हणाली. दवाखान्याचा खर्च मागते. मी गन दरवेळी स्पिरिटनं पुसते, टॅटूच्या सुया उकळते, निळ्या लाइटच्या स्टरलायझरमध्ये ठेवते, ग्लोव्हज घालते. मग माझं चुकलं कुठे? सोनार तारेनं टोचतो. जत्रेत एकाच सुईनं शंभर जणांना गोंदतात. माझ्या आजीच्या हातावरची तुळस तशीच गोंदलेली, तिला काही झालं नाही. नवरा म्हणतो हे बंद कर, पण मशीनचे हप्ते चालू आहेत. आणि एक गोष्ट घरात सांगितलेली नाही. तीन आठवड्यांपूर्वी टॅटू झाल्यावर सुई काढताना ती माझ्याच बोटात घुसली."

ताई, पत्राखाली नंबर दिलात हे बरं केलंत. त्या कानाला हे सदर छापून यायची वाट बघायला वेळ नव्हता, म्हणून पत्र वाचल्या वाचल्या फोन केला. आपलं जे बोलणं झालं ते आधी बाकीच्यांसाठी लिहिते.

फोनवर मी पहिला प्रश्न विचारला तो कानाच्या पाळीबद्दल. तुम्ही विचारून सांगितलंत, पाळी नेहमीसारखी आहे, वरचा भाग तेवढा लालभडक आणि गरम. ही खूण चांगली नव्हे. पाळी म्हणजे नुसती कातडी आणि चरबी, वरच्या भागात मात्र कूर्चा असते. म्हणजे बोटानं दुमडलं की परत जागेवर येतं ते कुरकुरीत हाड. या कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. तिच्यावर एक पातळ आवरण असतं आणि त्यातून झिरपेल तेवढ्यावर तिचं पोट भरतं. आवरणाखाली पू साठला की ते कूर्चेपासून सुटतं आणि कूर्चा उपासमारीनं मरते. नंतर कान भाजलेल्या पापडासारखा आखडतो आणि तो पुन्हा पूर्ववत होत नाही. म्हणून पाळी शाबूत आणि वरचा कान सुजलेला दिसला, तर हळद लावून बघू, दोन दिवस थांबू, असलं काही करायचं नाही. त्याच दिवशी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जायचं.

मेडिकलवाल्याला विचारून गोळी आणायची नाही, तीही याच कारणानं. या जागी वारंवार सापडणारा जंतू म्हणजे स्यूडोमोनास. याला ओल प्रिय. नळाचं तोंड, बेसिन, ओला स्पंज, फुलदाणीतलं पाणी, कुठेही सुखानं राहतो. आपल्याकडे सर्दी-खोकल्याला सर्रास दिली जाणारी अमॉक्सिसिलिन त्याच्यावर चालत नाही. त्या मुलीला आईनं चार दिवस तीच दिली होती. पू तपासायला पाठवून मग औषध ठरवणं हाच रस्ता. तुम्ही स्वतः त्या दोघींना गाडी करून सोलापूरला घेऊन गेलात आणि मुलगी आता तिथे दाखल आहे, हे मला कळलं. दुकानात चारचौघांत बोलणी खाऊन दुसऱ्या दिवशी त्याच बाईच्या दारात जाणं सोपं नसतं.

खर्चाचं विचारलंत. द्या. एकदम जमत नसेल तर हप्त्यानं द्या, पण द्या. अकरावीतली मुलगी म्हणजे अठराच्या आतली. आई-वडिलांना न विचारता तिच्या अंगाला सुई लावायला नको होती. कान सुजला नसता तरी ही चूक तुमचीच ठरली असती.

आता 'माझं चुकलं कुठे' याबद्दल. पत्रात तुम्ही लिहिलंत, गन स्पिरिटनं पुसते. फोनवर बोलता बोलता त्यात भर पडली, की स्पिरिट महाग पडतं म्हणून थोडं पाणी घालता आणि बाटली पूर्ण संपायच्या आत वरून पुन्हा भरता. मी क्षणभर गप्प झाले ते याच वाक्यावर. कानाचं कारण हेच, असं छातीठोकपणे सांगायला मी तिथे नव्हते. पण सांगते ते ऐका.

२००० साली अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात दागिन्यांच्या एका छोट्या स्टॉलवर कान टोचून घेतलेल्या मुलामुलींचे कान असेच सुजले. सात जणांच्या बाबतीत स्यूडोमोनास तपासणीत सिद्ध झाला आणि बाकीच्या बऱ्याच जणांबद्दल संशय होता. आरोग्य खात्याची माणसं जंतू शोधत स्टॉलवर गेली, तर तो सापडला जंतुनाशकाच्या बाटलीत. टोचण्याआधी 'स्वच्छ' करण्यासाठी जे फवारलं जात होतं, तेच जंतू पेरत होतं.

मला याचं नवल वाटलं नाही, कारण आमच्या डोळ्यांदेखत असं घडलेलं आहे. मी ऑपरेशन थिएटरात नवीन होते तेव्हा उंच भांड्यात अँटिसेप्टिकचं पाणी आणि त्यात उभा चिमटा ठेवायची पद्धत होती. चिटल फोर्सेप्स म्हणायचो त्याला. निर्जंतुक केलेली वस्तू हात न लावता उचलायची ती त्या चिमट्यानं. एका पावसाळ्यात रुग्णांच्या जखमा लागोपाठ चिघळायला लागल्या. हिरवट पू, गोडसर वास. आम्ही चादरी बदलल्या, भिंती धुतल्या, वॉर्डबॉयला बोलणी बसली. शेवटी मोठ्या सिस्टरांनी त्या चिमट्याच्या भांड्यातलं पाणी तपासायला पाठवलं. रोज ओतून टाकण्याऐवजी आम्ही त्यात नुसती भर घालत होतो. तेव्हापासून घरात फिनेलची बाटली वरून भरताना कुणी दिसलं तरी माझा हात पुढे जातो. (सुनेला हे आवडत नाही, ते वेगळं.)

तर स्पिरिट सत्तर टक्क्यांचं, कंपनीच्या बाटलीतलं, पाणी न घालता वापरायचं. लावल्यावर ते आपोआप वाळू द्यायचं. फुंकर मारायची नाही.

पण गनचं दुखणं स्पिरिटनं बरं होणारं नाही. ती प्लॅस्टिकची, ऑटोक्लेव्हमध्ये (वाफेनं निर्जंतुक करायच्या यंत्रात) घातली तर वितळेल, आणि आतल्या स्प्रिंगपर्यंत बोळा पोचत नाही. शिवाय तिचा स्टड बोथट असतो. सुई वाट कापत जाते, गन तो बोथट खिळा जोरात ठोकते. पाळी ते सोसून घेते, कूर्चा चेचली जाते. म्हणून म्हणते, सोनाराला नावं ठेवू नका. त्याची तार निदान अणकुचीदार असते आणि तो पाळीच्या वर जात नाही. कान सोनारानंच टोचावेत असं आपण म्हणतो ते वेगळ्या अर्थानं, पण तुमच्या गनपुढे शब्दशः अर्थानंही तो उजवा. त्याच्या तारेवरही आधीच्या बाळाचं रक्त असू शकतं, एवढं मात्र खरं. गन कपाटात टाका. पाळीसाठीही टोचायची निर्जंतुक सुई मिळते, पाकिटबंद, एका माणसाला एक.

सुया उकळण्याबद्दल. आमच्या उमेदवारीत काचेच्या सिरिंजा आम्हीही उकळायचो, त्यामुळे ते कुठून आलं ते मला माहीत आहे. उकळत्या पाण्याचं तापमान १०० अंशांच्या वर जात नाही. त्यात बरेचसे जंतू मरतात, पण धनुर्वातासारख्या जंतूंची बीजं तग धरतात. ऑटोक्लेव्हमध्ये दाबाखालची वाफ १२१ अंशांना किमान पंधरा मिनिटं ठेवतात ती त्या बीजांसाठी. टॅटूची सुई म्हणजे तर एक सुई नव्हेच. तीन, पाच, सात, नऊ सुया एकत्र जोडलेल्या असतात. त्यांच्या मधल्या फटीत शाई आणि रक्त सुकून बसतं आणि आधीच्या माणसाचं रक्त उकळून पुढच्याच्या कातडीत जातं. तुमच्या निळ्या लाइटच्या डब्याला स्टरलायझर हे नाव कुणी दिलं कोण जाणे. प्रकाश पडतो तेवढ्याच भागावर त्याचा परिणाम. सावलीत आणि फटीत काही नाही. कंगवे ठेवा त्यात.

तुम्हाला ऑटोक्लेव्ह घ्यायचा सल्ला मी देणार नाही. तो नीट चालवणं हे स्वतंत्र काम आहे. वस्तू आधी घासून धुवा, पाऊचमध्ये भरा, वाळवा, पट्टीचा रंग बदलला का बघा, अधूनमधून जंतूंची बीजं घालून तो खरंच मारतो का हे तपासा. एकटीनं दुकान चालवणाऱ्या बाईनं सगळंच एकदा वापरून फेकायचं घ्यावं. कार्ट्रिज सुया (नळीत बसवूनच येणाऱ्या), ग्रिप, रेझर, शाईच्या टोप्या, ग्लोव्हज. फक्त कार्ट्रिज घेताना आत पडदा असलेलं घ्या. स्वस्तातल्या काही कार्ट्रिजमध्ये तो नसतो. मग शाई आणि रक्त उलटं चढून मशीनच्या आत जातं आणि सुई नवीन असली तरी मशीन जुनं रक्त घेऊन बसतं.

शाईचा विषय तुमच्या पत्रात नव्हताच, म्हणून मीच काढते. करडा रंग करायला काळ्या शाईत पाणी घालता, ते कोणतं? फिल्टरचं असेल, नाहीतर बाटलीबंद. २०११-१२ मध्ये अमेरिकेतल्या रॉचेस्टर शहरात १९ जणांच्या टॅटूवर पुरळ उठलं ते जाईना. प्रत्येकाचं पुरळ बरोबर करड्या रंगाच्या भागात. कारागीर स्वच्छ, सुया नव्या. दोष तयार करड्या शाईत होता. बनवणाऱ्यानं ती पातळ करायला डिस्टिल्ड पाणी वापरलं होतं. डिस्टिल्ड म्हणजे क्षार नसलेलं, निर्जंतुक नव्हे. त्यात क्षयाच्या जंतूचा एक चुलतभाऊ होता, मायकोबॅक्टेरियम चेलोनी. त्याच्यावर काही महिने औषधं घ्यावी लागतात. आणि सीलबंद बाटली म्हणजे निर्धोक असंही नाही. तिकडच्याच औषध प्रशासनाच्या शास्त्रज्ञांनी २०२४ मध्ये बाजारातले शाईचे ७५ नमुने तपासले, २६ मध्ये जिवंत जंतू निघाले. बाटलीवर 'स्टराइल' छापलंय की नाही यानं विशेष फरक पडला नव्हता.

यावर तुमच्या हातात आहे ते एवढंच. नावाजलेल्या बनावटीची, बॅच नंबर असलेली शाई घ्या आणि गिऱ्हाइकाच्या वहीत तो नंबर लिहून ठेवा. पातळ करायची तर इंजेक्शनसाठीच्या निर्जंतुक पाण्यानं करा. शाई प्रत्येकाला नव्या टोपीत काढा, उरलेली बाटलीत परत ओतू नका. महिन्याभरात टॅटूच्या एकाच रंगात पुरळ दिसलं, तर गिऱ्हाइकाला त्वचेच्या डॉक्टरांकडे पाठवा. शाईची ॲलर्जी आहे, जाईल आपोआप, असं सांगू नका.

ग्लोव्हज घालते असं तुम्ही अभिमानानं लिहिलंत. घालताच, शंका नाही. पण आमच्याकडे नव्या मुलींना आम्ही एक खेळ करायला लावायचो, तो आज रात्री दुकान बंद केल्यावर करा. ग्लोव्हज घाला आणि करंड्यातलं कुंकू थोडं तेलात कालवून बोटांना लावा. हे रक्त समजा. आता एका केळ्यावर नेहमीसारखा टॅटू काढा. अगदी नेहमीसारखा. मध्ये फोन वाजला तर घ्या, दिवा सरकवा, व्हॅसलीनच्या डबीत बोट घाला, टिश्यूचा रोल ओढा, मशीनचा वेग कमी-जास्त करा, घाम आला तर चष्मा वर करा. मग सगळे दिवे लावा आणि कुंकू कुठे कुठे लागलंय ते मोजा.

माझ्या माहितीतल्या कुणाच्याही बाबतीत ते फक्त केळ्यावर राहिलेलं नाही. व्हॅसलीनच्या डबीत ते हमखास सापडतं, आणि ती डबी उद्याच्या गिऱ्हाइकालाही तीच. यकृताला सूज आणणारा हिपॅटायटिस बीचा विषाणू वाळलेल्या रक्तात, बाहेर उघड्यावर, सात दिवस जिवंत राहतो. डोळ्यांना न दिसण्याइतका थेंब पुरतो. सुई नवीन घेतली म्हणून निर्धास्त झालेल्या माणसाला ही वाट दिसतच नाही. म्हणून जिथे जिथे कुंकू लागलं तिथे उपाय हवा. दिव्याच्या दांड्याला, मशीनला आणि वायरला पातळ प्लॅस्टिक गुंडाळायचं आणि दर गिऱ्हाइकाला बदलायचं. व्हॅसलीन, टिश्यू लागेल तेवढं आधीच वेगळं काढून ठेवायचं. फोन गल्ल्याच्या खणात. मध्येच कशाला हात लावावा लागला तर ग्लोव्हज बदलायचे आणि बदलताना हात धुवायचे. टेबल पुसायला ब्लीचचं पाणी, घरगुती ब्लीचचा एक भाग आणि पाणी नऊ भाग, रोज सकाळी ताजं, दहा मिनिटं राहू द्यायचं. कालचं ओतून द्यायचं, चिमट्याचं भांडं आठवा.

आजीच्या तुळशीबद्दल. आजीला काही झालं नाही, हे खरं असेल. जत्रेतल्या बहुतेकांना काही होत नाही. पण ज्यांना होतं, त्यांचा माग जत्रेपर्यंत जात नाही. हिपॅटायटिस बीची कावीळ दोन-चार महिन्यांनी दिसते आणि तोवर आपण उसाच्या रसाला दोष देऊन मोकळे होतो. सी तर वर्षानुवर्षं गुपचूप यकृत खात बसतो. छत्तीसगडमधल्या एका त्वचारोगतज्ज्ञांनी २००२ साली अशा ३१ जणांची नोंद प्रसिद्ध केली, ज्यांच्या गोंदणाच्या जागेवरच कुष्ठरोगाचा चट्टा उठला होता. रस्त्याकडेला गोंदणारे तीच सुई पुढच्याला वापरतात. तो चट्टा गोंदल्यानंतर काही वर्षांनी उमटतो. कोण जाऊन त्या गोंदणाऱ्याला जाब विचारणार? आणि तो कुठे असतो तोपर्यंत?

आपल्याकडे टॅटूच्या दुकानासाठी देशभर लागू असा वेगळा कायदा नाही. कामाला थोडीच माणसं असतील तर शॉप ॲक्टखाली ऑनलाइन सूचना दिली की पावती मिळते आणि ती फ्रेम करून भिंतीवर लागते. तुमची सुई बघायला कुणी येत नाही. न्यूयॉर्कनं हिपॅटायटिस बीच्या भीतीनं १९६१ मध्ये टॅटू काढण्यावरच बंदी आणली होती, ती १९९७ पर्यंत होती. तोवर लोक चोरून काढत राहिले. बंदीनं कुणाचं भलं होतं असं मला वाटत नाही, त्यामुळे तुमच्या नवऱ्याशीही मी सहमत नाही.

आता बोटाचं. हे घरात सांगा. लपवण्यासारखं त्यात काही नाही, थिएटरात माझ्याही बोटात दोनदा सुई गेलीय. रुग्णालयातल्या सुयांवरून जे आकडे निघालेत ते असे. समोरच्याला एचआयव्ही असला तर एका टोचण्यातून तो लागायची शक्यता साधारण ०.३ टक्के, हिपॅटायटिस सी असला तर दोन टक्क्यांच्या आत. लस न घेतलेल्याला हिपॅटायटिस बी मात्र ६ ते ३० टक्के. म्हणजे सगळे घाबरतात एचआयव्हीला आणि खरं घाबरायला हवं दुसऱ्यालाच, ज्याची लस कधीची निघालेली आहे. तुमच्या वयाच्या लोकांना लहानपणी ती मिळालेली नसते. बाळांच्या सरकारी लसीकरणात ती देशभर आली २०११ च्या सुमारास.

एचआयव्ही टाळायची औषधं ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात. ती वेळ गेली. पुढे कधी झालं तर बोट पिळत किंवा चोखत बसू नका, वाहत्या पाण्याखाली साबणानं धुवा आणि तडक सरकारी रुग्णालय गाठा. आता करायचं ते असं. या आठवड्यात उपजिल्हा रुग्णालयात जा, तिथल्या आयसीटीसी (समुपदेशन आणि चाचणी) केंद्रात एचआयव्हीची चाचणी मोफत आणि गुप्त होते. हिपॅटायटिस बी आणि सी याच वेळी तपासून घ्या. आजच्या चाचणीत काही निघालं नाही तरी तीन महिन्यांनी पुन्हा, आणि सी सहा महिन्यांनी आणखी एकदा. बीची लस त्याच दिवशी सुरू करा. आज, एक महिन्यानं आणि सहा महिन्यांनी असे तीन डोस. सी निघालाच तर तो आता साधारण तीन महिन्यांच्या गोळ्यांनी बरा होतो, सरकारी कार्यक्रमात त्या फुकट आहेत. अहवाल येईपर्यंत रक्तदान नको. तसंही टॅटू काढलेल्यानं किंवा कान टोचलेल्यानं बारा महिने रक्तदान करायचं नसतं. हे गिऱ्हाइकांनाही सांगत जा, कॉलेजातली मुलं शिबिरात जातात.

वापरलेल्या सुया जाड, झाकणाच्या, आरपार न जाणाऱ्या डब्यात टाका. घंटागाडीत नकोत, कारण तिथे कचरा हातानं वेगळा करणाऱ्या बाईकडे तुमच्याएवढेही ग्लोव्हज नसतात. गावातल्या एखाद्या दवाखान्याशी बोला, त्यांचा कचरा उचलणारी गाडी येतेच.

आणि काही गिऱ्हाइकं परत पाठवायला शिका. साखर आटोक्यात नसलेले, रक्त पातळ व्हायची गोळी घेणारे, जुन्या जखमेचा वण फुगून वर आलेले. लहानपणी सांधे सुजून हृदयाची झडप बिघडलेली माणसं आपल्याकडे पुष्कळ आहेत. त्यांच्या रक्तात जंतू गेले तर ते झडपेवर घर करतात, त्यांना डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय हात लावू नका. टोचल्यावर कानातलं फिरवत राहा हा सल्लाही देऊ नका. खपली निघते आणि जंतूंना दार उघडतं. मेडिकलमधल्या सलाइननं दिवसातून दोनदा पुसलं की पुरे. खोबरेल नको, हळद नको.

धंद्याचं म्हणाल तर महिनाभर मशीन झाकून ठेवा. हप्ता थ्रेडिंग-फेशियलवर निघेल, नाही निघाला तर नवऱ्याला म्हणावं या महिन्यापुरतं बघ. तोवर लसीचे दोन डोस होतील, कार्ट्रिज येतील, आणि केळ्यावरचा खेळ तुम्ही चार-पाच वेळा केलेला असेल. कूर्चेला त्यानंतरही हात लावू नका. त्या कामाला तीन दिवसांचा कोर्स पुरत नाही.

मुलीच्या पुवाचा कल्चर रिपोर्ट आला की फोन करा. रात्री नऊनंतर केलात तरी चालेल. आणि जमलं तर कुंकवाचा एक फोटो पाठवा, व्हॅसलीनच्या डबीचा.